बिशपचा खांदा

रविवारच्या प्रार्थनेनंतर ओर्साकांच्या शेतावर जेवायला सहा माणसं बसली होती. त्यांतल्या पाच जणांच्या मनात एकच शब्द होता आणि तो उच्चारायला घरात बंदी होती. सहावे म्हणजे अल्फोन्स ओर्साक. ते घरातले सर्वांत वडील, आणि त्यांच्या मनात काकडी होती. साय-काकडीत यंदा व्हिनेगर जास्त झालंय, हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि कुणी मनावर घेतलं नाही म्हणून तिसऱ्यांदाही सांगितलं.

बंदीचं मूळ जुनं होतं. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रंगात येऊन समोरच्या संघाला एकही फटका मारू देत नसला, की त्याचेच सोबती त्याच्याशी बोलायचं बंद करतात. बाकावर त्याच्या शेजारी बसत नाहीत. तोंडातून शब्द निघाला की नाट लागते. हे सगळ्या टेक्ससला ठाऊक आहे आणि सामना संपला की सगळीकडे ते संपतंही. ओर्साकांनी मात्र हा नियम फेब्रुवारीत लागू केला तो जुलै अर्धा सरला तरी उठवला नव्हता, कारण डाल्टनचा सामना काही संपतच नव्हता.

डाल्टन हा जेरोम आणि डार्लीनचा मुलगा. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, डावखुरा, उंची इतकी की आजोबांच्या स्वयंपाकघरात शिरताना मान वाकवावी लागे. आज संध्याकाळपासून मोठे व्यावसायिक संघ देशभरातली पोरं एकेक करून उचलणार होते. पहिल्या संध्याकाळी उचलली जातात ती वर्तमानपत्रात फोटो येणारी. डाल्टनसारख्यांचा नंबर लागलाच तर सोमवारी, दुपारनंतर. नाही लागला, किंवा त्यानेच नको म्हटलं, तर कॉलेजचं चौथं वर्ष होतंच. या सगळ्या प्रकाराला ड्राफ्ट म्हणतात. ओर्साकांच्या घरात त्याला ‘बाजार’ म्हणत.

हे नाव बर्नाडेटचं. ती जेरोम आणि रेमंडची बहीण. वेसेला गावच्या शाळेच्या ऑफिसात उभी हयात घालवल्यामुळे कुठल्याही गोष्टीला नाव देऊन ती फायलीत लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने नाव दिल्यापासून पोराच्या देखत मोकळेपणाने बोलता येऊ लागलं. बाजार यंदा कसा आहे, बाजारात डाव्या अंगाच्या मालाला मागणी आहे म्हणतात, बाजार सोमवारी तेजीत येईल. डाल्टन मान खाली घालून जेवत राही. पोरगं समजूतदार आहे, असं सगळ्यांचं मत होतं.

रेमंड ओर्साकचंही तेच मत होतं. वेसेलात त्याचं मांसाचं दुकान होतं आणि त्याचं सॉसेज घ्यायला ह्यूस्टनहून लोक येत. बायको सॅन अँटोनिओला राहायला गेली त्याला बराच काळ लोटला होता, त्यामुळे रविवारचं जेवण तो भावाबहिणीत जेवे. तरुणपणी तोही डावखुरा पिचर होता. त्याच्याही वाट्याला असा एक जुलै आला होता. तेव्हा तो याच घरात फोनची वाट बघत बसला आणि फोन वाजला नाही. त्यावर घरात कुणी कधी काही बोललं नाही. नियमच तसा होता.

जेवण अर्ध्यावर आलं असताना डार्लीनचा मोबाइल उजळला. शेतावर मोबाइलवर बोलण्याइतकी रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली मिळते, म्हणून ती नॅपकिन हातात घेऊनच पळत गेली. परत आली तेव्हा नॅपकिन तसाच हातात होता, पण चेहरा बदलला होता. रेमंड, जेरोम, बर्नाडेट, जरा आत येता का, कोलाचे गरम करायचेत, असं ती म्हणाली. कोलाचे म्हणजे फळांचं सारण घातलेले छोटे गोड पाव, आणि ते गरम करायला चार माणसं लागत नाहीत हे डाल्टनलाही कळत असणार. त्याने बटाटे वाढून घेतले.

स्वयंपाकघरात खिडकीतला एसी मोठा केला, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही, आणि मग डार्लीनने सांगितलं. फोन व्हिटलोचा होता. व्हिटलो हा डाल्टनचा सल्लागार, संघांशी बोलणारा माणूस. डाल्टनमध्ये मनापासून रस असलेला संघ एकच होता. त्या संघासाठी या भागातली पोरं हेरणारा ह्यूस्टनचा टीग नावाचा माणूस होता आणि त्याने डाल्टनला वर्षभर पाहिलेलं होतं. तो कालपासून गार पडला होता. पोराचा डावा खांदा सुजलाय, अजून एक वर्ष थांबावं हे बरं, असं त्याने वर कळवलं होतं.

“सुजलाय?” जेरोम म्हणाला. “कुठे सुजलाय? काल त्याने एकट्याने गवताचे गठ्ठे चढवले.”

“मी तेच म्हटलं. तर व्हिटलो म्हणतो, बातमी घरातून आली.”

बर्नाडेटने ओव्हन उघडून बघितला. त्यात काही नव्हतं.

टीगला फोन केला का, असं रेमंडने विचारलं. केला होता, चार वेळा. तो उचलत नव्हता. मग डार्लीन रेमंडकडे न बघता म्हणाली की दुकानात माणसं येतात, बोलतात, त्यात कुणाचा दोष नसतो. जेरोम म्हणाला की रेमंडला सॉसेज बांधता बांधता बोलायची सवय आहे, त्याचं त्यालाही कळत नाही. रेमंडने बहिणीकडे पाहिलं. सकाळीच चर्चच्या पायऱ्यांवर बर्नाडेट त्याला सांगत होती की या घरात डोकं ठिकाणावर असलेली आपण दोघंच.

“डावा खांदा म्हटलं की या गावात लोकांना तूच आठवतोस रे,” ती म्हणाली. “आता त्याला मी काय करू?”

रेमंडला राग आला, पण त्याआधी त्याने आठवड्याची गिऱ्हाइकं मनातल्या मनात चाळून बघितली. कुणापाशी काही बोललो तर नाही? नव्हता बोलला. राग खरं तर दुसऱ्याच गोष्टीचा होता. डार्लीनने बातमी सांगितली त्या क्षणी त्याला किंचित हलकं वाटलं होतं. ते इतका थोडा वेळ टिकलं की शपथेवर नाकारता आलं असतं. पण शपथ घ्यायला कुणी सांगत नव्हतं, आणि त्याचं त्याला माहीत होतं.

“मी कुणाला काही बोललो नाही,” तो म्हणाला.

“तू बोललास असं कोण म्हणतंय,” तिघंही म्हणाली. त्यावरून तिघांचं तेच मत आहे हे कळलं.

बाहेरून अल्फोन्सची हाक आली. पत्ते मांडलेत, चला. रविवारी जेवणानंतर तारोकी खेळायची ही रीत त्यांच्या आजोबांनी मोराव्हियाहून पत्त्यांच्या जोडासकट आणली होती. या खेळात डाव घेणारा एका पानाचं नाव सांगतो. ते पान ज्याच्या हाती असेल तो त्याचा भिडू, पण पान टेबलावर पडेपर्यंत तो कोण हे कुणालाच कळत नाही. ओर्साकांना हा खेळ शिकवावा लागत नाही.

डाल्टन जरा पाय मोकळे करून येतो म्हणून मांसाला धुरी द्यायच्या धुरीघराकडे गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. डाव अल्फोन्सनी घेतला आणि हवं ते पान सांगितलं. ते रेमंडच्या हातात होतं, पण ते दाखवायची वेळ यायची होती. पानं खेळता खेळता डार्लीन आणि जेरोम सांकेतिक भाषेत कुजबुजत होते की बाजार बसला, बाजार बसवला कुणी ते शोधायला हवं. अल्फोन्सना उजव्या कानाने बरं ऐकू येत नसे, पण डार्लीन डावीकडे बसली होती.

“बाजार बसलेला नाही,” ते म्हणाले. “गिऱ्हाइक आज येतंय.”

कुणी लक्ष दिलं नाही. जेरोमने पान टाकलं.

“ह्यूस्टनचा माणूस आहे,” अल्फोन्स म्हणाले. “काल दुपारी फोन आला होता. फार सभ्य.”

डार्लीनचा हात पानांसकट जागच्या जागी थांबला. शेतावर मोबाइल चालत नाही म्हणून सगळ्या संघांना तिनेच सासऱ्यांचा घरचा नंबर देऊन ठेवला होता. उन्हाळाभर डाल्टन इथेच राहणार होता. आणि बाजाराबद्दल कुणाचा फोन आला तर खरं तेच सांगा, उगाच फुगवू नका, असंही सासऱ्यांना तिनेच बजावलं होतं. बाजार म्हणजे काय, हे त्यांना बर्नाडेटने सांगितलं असेल असं तिने धरलं. बर्नाडेटने जेरोमने सांगितलं असेल असं धरलं, आणि जेरोमने काहीच धरलं नाही.

“बाबा,” रेमंड म्हणाला, “तो काय म्हणाला ते जरा सांगा.”

“म्हणाला, तुमच्या त्या मोठ्या गड्याबद्दल विचारायचंय. मी म्हटलं, बाजाराचं ना? तो हसला. म्हणाला, तसं म्हणा. मग विचारलं, खातो-पितो कसा. म्हटलं, त्या बाबतीत तक्रार नाही.”

“वजन नाही विचारलं?” जेरोमने क्षीण आवाजात विचारलं.

“वजन ठाऊक आहे म्हणाला. स्वभाव विचारला. मी म्हटलं, तसा गरीब, पण माद्या आसपास असल्या की लक्ष ठिकाणावर नसतं.”

“माद्या असंच म्हणालात?” बर्नाडेटने विचारलं.

“पोरी म्हणालो असेन. आम्ही पोरीच म्हणतो. मग त्याने खांद्याचं विचारलं. आता तुम्हीच सांगा, ह्यूस्टनच्या माणसाला बिशपच्या खांद्याचं कसं कळलं? पण मी लपवलं नाही. डार्लीनने बजावलं होतं. म्हटलं, परवा रात्री शेजाऱ्याच्या कुंपणात घुसायला गेला, डावा खांदा सुजलाय. आम्हाला घाई नाही, अजून एक उन्हाळा इथेच काढला तरी चालेल.”

बिशप हा ओर्साकांचा बैल, पैदाशीचा. पाठीमागच्या कुरणात असतो. त्याचा खांदा खरंच सुजला होता.

“मग तो काय म्हणाला?”

“मग म्हणाला, तुमच्याइतका प्रामाणिक आजोबा मी आजवर पाहिला नाही. मला वाटलं, वयाकडे बघून आजोबा म्हणतो.” अल्फोन्सनी हातातली पानं नीट केली. “मी म्हटलं, रविवारी जेवणानंतर स्वतः येऊन बघून जा. रेमंड, ते पान तुझ्याकडे आहे ना? टाक की.”

रेमंडने पान टाकलं. डाव ते दोघं जिंकले, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बर्नाडेट उठली, आतून खसखशीचा कोलाच आणून तिने रेमंडच्या बशीत ठेवला. ओर्साकांच्या घरात माफी मागत नाहीत, बशीत कोलाच येतो. थोड्या वेळाने डार्लीनने जर्दाळूचा आणला. मग जेरोमनेही एक आणून ठेवला, तो अर्धा खाल्लेला होता, पण जेरोमचं सगळंच तसं असतं.

तेवढ्यात फाटकाशी एक पिकअप येऊन थांबली.

चौघं एकदम उठली आणि एकमेकांच्या आड आली. अल्फोन्स कधीच व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले होते. या वयात ते इतक्या चपळाईने फक्त गिऱ्हाइकासाठी चालत. रेमंड धावत पोचला तोवर ते टीगचा हात हातात घेऊन ‘चला, मागच्या कुरणात उभा आहे’ म्हणत होते. टीग पन्नाशीचा, उन्हाने भाजलेला माणूस होता. खांद्याला पिशवी लटकावून तो मुकाट्याने त्यांच्यामागे निघाला. कुरणात पोरगं उन्हात उभं केलंय, हे त्याला विचित्र वाटलं असेल, पण पोरं हेरत गावोगाव फिरणाऱ्याने याहून विचित्र आजोबा पाहिलेले असतात.

कुंपणापाशी दोघं थांबले. रेमंड धापा टाकत मागे उभा राहिला. पलीकडे मेस्किटच्या झाडाच्या सावलीत बिशप रवंथ करत होता.

“हा,” अल्फोन्स म्हणाले.

टीगने बिशपकडे पाहिलं. बिशपने टीगकडे पाहिलं. दोघांनाही घाई नव्हती.

“मिस्टर ओर्साक,” टीग शेवटी म्हणाला, “काल आपण याच्याबद्दल बोलत होतो?”

“मग कुणाबद्दल?”

टीगने थोडं वाकून बघितलं. “डावा खांदा सुजलाय खरा,” तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी परत घातली. पोरींच्या बाबतीत लक्ष ठिकाणावर नसतं, हे वाक्य आपण मुख्य कचेरीला लेखी कळवलंय, असं त्याने रेमंडला हळूच सांगितलं. तिथे त्यावर बैठक झाली होती.

रेमंडने त्याला सगळं समजावलं. बाजार म्हणजे काय, नाट म्हणजे काय, फेब्रुवारीपासून घरात काय चाललंय. सांगता सांगता त्याला पहिल्यांदाच वाटलं की हे शहाण्या माणसांनी केलेलं वाटत नाही. टीग मात्र हसला नाही. तोही बेसबॉलमधलाच माणूस होता. संघ जिंकत असला की तोही मोजे धुवायचा नाही. आता आलोच आहे तर पोराला चार चेंडू टाकताना बघून जातो, एवढंच तो म्हणाला. उद्या दुपारपर्यंत त्याला वर काहीतरी कळवायचं होतं.

डाल्टन धुरीघराच्या सावलीत भिंतीवर चेंडू आपटून झेलत बसला होता. काकाला बघून तो उभा राहिला. चल, तो माणूस आलाय, टाकून दाखव, एवढंच रेमंडला सांगायचं होतं. पण पोराचा चेहरा बघून तो वेगळंच बोलून बसला.

“ड्राफ्टचं तुझ्या मनात काय आहे?”

डाल्टनने आजूबाजूला पाहिलं. चर्चमध्ये कुणीतरी शिवी हासडावी तसं.

“काका, तो शब्द...”

“मला माहीत आहे तो शब्द. जायचंय का तुला?”

डाल्टनने चेंडूची शिवण अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, “उद्या मी व्हिटलोला फोन करून नको म्हणून सांगणार होतो.”

“का?”

“तुमची कुणाचीच इच्छा नाही ना.”

“असं कोण म्हणालं?”

“कुणी काहीच म्हणालं नाही. तेच तर. फेब्रुवारीपासून कुणी एक अक्षर विचारलं नाही. मी आलो की सगळे गुरांच्या बाजाराचं बोलतात. कशाला काय भाव, कधी विकायचं. मला कळतं ना काका. मी चौथं वर्ष शिकावं म्हणून गुरं विकायला निघालात.” तो थांबला. “बिशपसुद्धा.”

सबंध घर पाच महिने पोराची नाट लागू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलं होतं, आणि पोरगं तिकडे बैलाच्या काळजीत होतं.

“ते सोड,” तो म्हणाला. “आम्हाला काय हवंय ते सोडून दे. तुला काय हवंय?”

“जायचंय,” डाल्टन म्हणाला. आवाज इतका लहान होता की एवढ्या मोठ्या देहातून तो आला यावर विश्वास बसेना. “फार जायचंय.”

“मग चल. आणि बिशपला कुणी विकत नाही. आजोबा विकतायत, पण ते दरवर्षी विकतात.”

धुरीघर आणि कोठाराच्या मधल्या मोकळ्या जागेत रेमंड झेलायला बसला. गुडघे कुरकुरले. ग्लोव्ह त्याचाच जुना होता. तो अजून इथेच खुंटीला का टांगलेला होता, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. टीग त्याच्या मागे वेग मोजायचं यंत्र धरून उभा राहिला. बाकीचे व्हरांड्यात होते. डार्लीन लाकडी खांबाला हात लावून उभी होती. लाकडाला हात लावला की नाट लागत नाही म्हणतात, म्हणून शेवटच्या चेंडूपर्यंत तिने तो काढला नाही.

पहिल्या चेंडूला रेमंडचा तळहात पेटला. दुसऱ्यालाही. पाचव्या-सहाव्यानंतर हात लागतोय की नाही हेच त्याला कळेनासं झालं. टीग यंत्राकडे बघून नुसतं तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता. मग डाल्टनने तसाच हात फिरवून, त्याच आवेशात, एक संथ चेंडू सोडला. तो निघाला जोरात आणि पोचला सवडीने. रेमंडला तो कुठे पडणार हे ठाऊक होतं, तरी त्याने ग्लोव्ह क्षणभर आधीच मिटला आणि चेंडू छातीवर आपटला.

“हा कुणी शिकवला?” टीगने विचारलं.

“काकांनी,” डाल्टन तिकडून म्हणाला. “दुकानाच्या मागे. चेंडू अंड्यासारखा धरायचा.”

टीगने यंत्र खाली घेतलं आणि रेमंडकडे नीट बघितलं. “तुम्ही खेळायचात?”

“थोडंफार,” रेमंड म्हणाला आणि छाती चोळली.

जाताना टीगने सगळ्यांसमोर विचारलं की संघाने बोलावलं तर पोरगं येईल का. सवयीने सगळ्यांनी इकडे तिकडे बघायला सुरुवात केली. जेरोम आभाळाकडे बघून उद्या पाऊस नाही म्हणाला. डाल्टन पुढे आला आणि येईन म्हणाला. मग टीग अल्फोन्सकडे वळला. बैलाचंही मेव्हण्याला विचारून कळवतो, तो असाच बैल शोधतोय, असं तो म्हणाला. म्हणजे उद्या त्याचा फोन कशाबद्दल येईल, किंवा येईल का, हे सांगणं अवघड होऊन बसलं.

सोमवारी रेमंडने दुकान बंद ठेवलं. दुकान सोमवारी बंद राहिलं की वेसेलातली माणसं कुणाची मयत आहे ते विचारतात, तर विचारू देत. दुपार कलायला आली होती. जेरोम टोपी घालून पाण्याच्या टाकीखाली मोबाइलवर नावं बघत उभा होता आणि एकेक फेरी संपली की हात हलवून ‘नाही’ म्हणत होता. डार्लीन आणि बर्नाडेट नूडल्सचं पीठ लाटत होत्या, आजवर लागल्या नसतील इतक्या नूडल्स. डाल्टन कधी दारात, कधी खिडकीत. आता तो शब्द उच्चारायची मुभा होती, पण कुणाच्या तोंडून निघत नव्हता.

अल्फोन्स फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते. सकाळी बसले ते उठले नव्हते. जेवणही त्यांनी तिथेच मागवलं. समोरच्या कोचावर रेमंड होता. कालपासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. ती त्याला आवडू लागली होती आणि म्हणूनच तिची भीती वाटत होती. हाच फोन होता, हीच खुर्ची, हाच कान. कुणी सांगावं. त्या वर्षीही ह्यूस्टनहून एखाद्या सभ्य माणसाने मोठ्या गड्याची चौकशी केली असेल, आणि त्याला एखाद्या वळूची खरी खरी हकिगत ऐकावी लागली असेल. तसं निघालं असतं तर रेमंड हसला असता. उरलेलं आयुष्य दुकानात तीच गोष्ट सांगत बसला असता.

“बाबा,” तो म्हणाला, “माझ्या वर्षी कुणाचा फोन आला होता का? बैलाबिलाबद्दल?”

अल्फोन्सनी डावा कान त्याच्याकडे वळवला. प्रश्न पोचायला थोडा वेळ लागला, उत्तराला लागला नाही.

“नाही,” ते म्हणाले. “मी इथंच बसून होतो. दोन दिवस. दूध काढायलाही तुझ्या आईला पाठवलं. उठलो आणि नेमका वाजला तर, म्हणून.” ते जरा थांबले. “फोन बिघडलाय की काय म्हणून मी दोनदा उचलूनही पाहिला. चालू होता.”

रेमंडला हे माहीत नव्हतं. त्याला आठवत होतं ते इतकंच, की वडील दोन दिवस खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांना कशाची काही पडलेली नव्हती. त्याच्या मनाला बैल अधिक सोयीचा होता, पण तो गेला. त्याच्या जागी जे आलं ते कुठे ठेवावं हे त्याला लगेच कळेना.

“मला कधी बोलला नाहीत,” तो शेवटी म्हणाला.

“नाट लागली असती,” अल्फोन्स म्हणाले.

“तेव्हा लागली असती. नंतर काय?”

अल्फोन्सनी त्यावर विचार केला. तोंड उघडलं, आणि फोन वाजला.

स्वयंपाकघरात लाटणं खाली पडलं. डार्लीन पिठाच्या हातांनी दारात आली, तिच्यामागे बर्नाडेट. डाल्टन खिडकीपाशी जिथे होता तिथेच थिजला. बाहेर टाकीखाली जेरोमने दोन्ही हात वर केले होते, पण तो हो म्हणत होता की माशा हाकलत होता हे इतक्या लांबून कळत नव्हतं. अल्फोन्सनी फोन दुसऱ्यांदा वाजू दिला, मग रिसीव्हर उचलून नीट डाव्या कानाला लावला.

“ओर्साक,” ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. मग, गेल्या वेळचा गोंधळ परत नको म्हणून, ठणठणीत आवाजात विचारलं, “पोरगा की बैल?”

पलीकडून काय आलं ते खोलीत कुणाला ऐकू गेलं नाही.

अल्फोन्सनी रिसीव्हर डाल्टनपुढे धरला. “तुला आहे,” ते म्हणाले. “खांदा बरा आहे म्हणून सांग.”

मग दोन्ही हात टेकून ते खुर्चीतून उठले, सकाळपासून पहिल्यांदाच. गुरांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाले आणि रेमंडच्या खांद्यावर, डाव्या, हात ठेवून त्याच्या आधाराने दाराकडे चालू लागले.